ऑनोरिया : एका नावातला मान

लखनौहून पूर्वेला अयोध्येच्या रस्त्याला लागले, की गोमतीनगरच्या उंच इमारती मागे पडता पडता चिनहट लागते. एकेकाळी ही वस्ती शहराबाहेरची होती. झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांसाठी तिचे नाव होते आणि लखनौच्या घराघरांतल्या बरण्या, फुलदाण्या, कपबश्या इथल्या भट्ट्यांतून निघत. आता शहरानेच चिनहटला पोटात घेतले आहे. इतिहासाच्या पुस्तकात मात्र हे नाव भांड्यांमुळे आलेले नाही. ३० जून १८५७ रोजी, ऐन उन्हाच्या तडाख्यात, इथे एक लढाई झाली. अवधचा चीफ कमिशनर सर हेन्री लॉरेन्स सुमारे सहाशे-सातशे माणसे घेऊन लखनौहून निघाला. पुढून येणारे बंडवाले शिपाई त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक निघाले. बरकत अहमद यांच्या नेतृत्वाखालच्या त्या फौजेने इस्माइलगंजच्या बाजूने मारा केला आणि लॉरेन्सला सपाटून मार खाऊन मागे फिरावे लागले. त्याच दिवशी लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. २ जुलैला तोफेचा गोळा थेट त्याच्या खोलीत फुटला आणि ४ जुलैला तो मरण पावला.

ही हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. त्या वेळी हेन्री लॉरेन्स विधुर होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्याची पत्नी तीन वर्षांपूर्वीच, १५ जानेवारी १८५४ रोजी, माउंट अबू येथे वारली होती. तिचे नाव ऑनोरिया. शेवटच्या घटकांत आपल्या समाधीवर काय कोरावे हे सांगताना, पत्नीच्या समाधीवरचे बायबलातले वचन आपल्याही समाधीवर असावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली होती. चिनहटचा पराभव, पुढे आलेला वेढा, जखमेच्या वेदना, या सगळ्यांत त्या माणसाला आठवण झाली ती तिची.

ऑनोरिया हे नाव आपल्या कानाला परके वाटते. पण त्याचा अर्थ आपल्याला रोज भेटतो. लॅटिन भाषेतल्या ‘ऑनोर’ या शब्दापासून ते बनले आहे. ऑनोर म्हणजे मान, सन्मान, प्रतिष्ठा. ‘ऑनररी मॅजिस्ट्रेट’मधला ऑनररी, न्यायमूर्तींच्या नावामागचा ‘ऑनरेबल’, बी.ए.च्या पदवीपुढचा ‘ऑनर्स’, ही सगळी याच शब्दाची पिलावळ. तेव्हा ऑनोरिया म्हणजे मानाची, सन्माननीय स्त्री. अर्थ इतका सुंदर, की मुलीचे नाव शोधणाऱ्या आईला तो लगेच आवडावा. पण या नावाच्या वाट्याला आलेला इतिहास पाहिला, म्हणजे मान या गोष्टीबद्दल आणि त्यातल्या बाईच्या वाट्याबद्दल बरेच काही कळते.

आधी या लॉरेन्स घराण्यातल्या ऑनोरियाबद्दल. आयर्लंडच्या डोनेगल भागात वाढलेली, १८०८ साली जन्मलेली ही मुलगी. माहेरचे आडनाव मार्शल. हेन्री तिचा दूरचा नातलग. दोघांची गाठ पडली, मन जुळले, पण त्याचा पगार तुटपुंजा आणि घरची जबाबदारी मोठी. वर्षांमागून वर्षे गेली. अखेर १८३७ साली ती एकटीच जहाजात बसून कलकत्त्याला आली आणि २१ ऑगस्टला दोघांचे लग्न झाले. त्या वेळी तिचे वय जवळजवळ एकोणतीस. त्या काळच्या हिशेबाने तिला कुणी ‘घोडनवरी’च म्हटले असते!

लग्नानंतर बंगला, नोकरचाकर, मेजवान्या असे काही तिच्या वाट्याला आले नाही. हेन्री महसूल मोजणीच्या कामावर होता. चिनहटवरून जाणारा रस्ता पुढे अयोध्येवरून ज्या गोरखपूरला पोचतो, त्या गोरखपूरच्या मुलखात तंबू ठोकून दोघांचा संसार सुरू झाला. आज इथे, उद्या तिथे. मोजणीचे नकाशे, हिशेबाचे कागद, तंबूत शिरणारा पाऊस, हिवताप. ऑनोरिया या सगळ्याची रोजनिशी लिहीत असे. गावातल्या बायका, रस्ते, झाडे, उन्हाळ्यातली रात्र, स्वतःची भीती, स्वतःची चूक, सगळे त्यात असे. या रोजनिश्या तिच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९८० साली, पुस्तकरूपाने छापल्या गेल्या.

१८४१ साली तिची तान्ही मुलगी गेली. तिचे नाव लेटिशिया. हेही नाव लॅटिनच, अर्थ आनंद. हेन्रीच्या आईचे नाव लेटिशिया, बहिणीचेही लेटिशिया. त्या घराण्यात आनंद हे नाव वारसा म्हणून चालत आले होते आणि या मुलीला ते वर्षभरही पुरले नाही. अशा वेळी नावाचा अर्थ किती जिव्हारी लागतो, हे ज्या आईने ‘आयुष्मान’ नावाचा मुलगा गमावला असेल तिलाच विचारावे.

१८४३ च्या अखेरीस हेन्री नेपाळात रेसिडेंट म्हणून गेला आणि मागोमाग ऑनोरियाही काठमांडूला पोचली. तोवर तिथे युरोपियन बाईला पाऊल टाकू दिलेले नव्हते. त्या निवांत खोऱ्यात बसून नवराबायको दोघेही ‘कलकत्ता रिव्ह्यू’ या नियतकालिकासाठी लिहीत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लेखांवर लेखकाचे नाव छापले जात नसे. हेन्रीची कीर्ती इतर मार्गांनी झालीच. तिचे लेखन मात्र बराच काळ कुणाचे तरी, बिननावाचे, असेच राहिले.

गोऱ्या शिपायांची मुले छावणीच्या दारूत, शिवीगाळीत आणि रोगराईत वाढतात, मरतात, हे दोघांनाही सतत टोचत असे. त्यातून १८४७ साली कसौलीजवळच्या सनावर येथे शाळा निघाली. १५ एप्रिलला पहिली चौदा मुलेमुली तिथे आली. ‘मुलेमुली’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. कारण त्या काळात इंग्लंडातसुद्धा मुलगे आणि मुली एका निवासी शाळेत ठेवणे सहज मान्य होणारे नव्हते. ही शाळा आजही चालू आहे. तिचे नाव लॉरेन्स स्कूल. ऑनोरियाचाही त्यात हात होता, पण दगडावर कोरले गेले ते आडनाव, म्हणजे नवऱ्याचे नाव. १८४८ मध्ये हेन्रीला ‘सर’ हा किताब मिळाला आणि ऑनोरियाची ‘लेडी लॉरेन्स’ झाली. मान वाढला, नाव मात्र आणखी एक पायरी मागे सरकले.

आता या नावाच्या मुळाकडे जाऊ. रोमन लोकांची एक रीत ऐकून आजच्या मुली चकित होतील. प्राचीन रोममध्ये मुलींना स्वतःचे असे नाव सहसा नसे. ज्यूलियस कुळातली मुलगी ती ज्यूलिया, कॉर्नेलियस कुळातली ती कॉर्नेलिया. दोन मुली झाल्या तर थोरली ज्यूलिया आणि धाकटी ज्यूलिया. तिसरी झाली तर ‘तिसरी’. म्हणजे वडिलांच्या कुळाचे नाव घ्यायचे, त्याला ‘इया’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय जोडायचा, की झाली मुलगी तयार. ऑनोरिया हे नाव याच साच्यातले : पुरुषाचे ऑनोरियस, त्याचे स्त्रीलिंगी ऑनोरिया.

रोमन लोकांना हसण्याआधी आपल्या लग्नमंडपाकडे एकदा पाहिलेले बरे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यामुलाने सोन्याच्या अंगठीने त्यात नवरीचे नवे नाव लिहायचे. काल सायंकाळपर्यंत ‘सुनंदा’ असलेली मुलगी आज दुपारी ‘शुभांगी’ होते. मंडळी हसतात, फोटो निघतो, पेढे वाटले जातात. बावीस-पंचवीस वर्षे ज्या हाकेला ती ‘ओ’ देत होती, ती हाक माहेरच्या उंबऱ्याशी ठेवून यायची. पुष्कळ घरांत ही रीत आता मागे पडली आहे, तर काही घरांत नावऐवजी नवऱ्याचेच नाव हौसेने लिहिले जाते. पण वडिलांचे नाव जाऊन तिथे नवऱ्याचे नाव येणे, हे अजूनही इतके सहज घडते, की त्यात काही घडले असे कुणाला वाटतच नाही.

अंगठीवरून आठवण होते ती पहिल्या प्रसिद्ध ऑनोरियाची. पाचव्या शतकातली ही रोमन राजकन्या. पूर्ण नाव युस्टा ग्राटा ऑनोरिया. बादशहा ऑनोरियस हा तिचा मामा. त्याच्याच नावावरून तिचे नाव. त्याच्याच कारकिर्दीत, ४१० साली, गॉथ टोळ्यांनी रोम शहर लुटले होते. म्हणजे मानाचे नाव असले की मान राखता येतोच असे नाही. पुढे तिचा भाऊ तिसरा व्हॅलेंटिनियन गादीवर आला. ऑनोरियाला ‘ऑगस्टा’ ही पदवी मिळाली, तिच्या नावाची सोन्याची नाणी पडली. पण राजघराण्यातल्या बहिणीने लग्न कुणाशी करायचे, करायचे की नाही, हे भाऊ ठरवणार होता. कारण तिचा नवरा उद्या गादीवर हक्क सांगू शकला असता.

जुने बखरकार सांगतात, की आपल्या मिळकतीचा कारभार पाहणाऱ्या युजेनियस नावाच्या माणसाशी तिचे संबंध जुळले. बातमी फुटली. त्याला ठार मारण्यात आले आणि तिला एका बिनधोक, वयस्क सरदाराच्या गळ्यात बांधायचे ठरले. घराण्याचा मान राखायचा होता ना! त्या वेळी ऑनोरियाने जे केले त्याने सारे युरोप हादरले. इ.स. ४५० च्या सुमारास तिने आपल्या विश्वासातल्या सेवकाकरवी हूणांचा राजा अट्टिला याच्याकडे निरोप धाडला, की मला यातून सोडव. आणि ओळख पटावी म्हणून बरोबर आपली अंगठी पाठवली. अट्टिलाने त्या अंगठीचा अर्थ लग्नाची मागणी असा लावला. ही माझी वाग्दत्त वधू आहे, तेव्हा अर्धे पश्चिम साम्राज्य हुंडा म्हणून द्या, असे त्याने कळवून टाकले. ४५१ साली तो गॉलवर चालून गेला, ४५२ मध्ये इटलीत घुसला. या स्वाऱ्यांची कारणे अर्थातच अनेक होती. एका अंगठीने युद्धे होत नसतात. पण पुढची कित्येक शतके इतिहासकारांनी दोष ठेवला तो या बाईच्या उतावळेपणावर. ज्याने तिच्या माणसाला मारले आणि तिला नको असलेल्या लग्नात लोटले, त्या भावाच्या शहाणपणाविषयी कुणी फारसे विचारले नाही.

तिचे पुढे काय झाले, याची खात्रीची नोंद नाही. आईच्या रदबदलीने जीव वाचला, एवढेच कळते. नंतर बखरींतून तिचे नाव दिसेनासे होते.

इथे आपल्या मराठी भाषेकडे वळून पाहण्यासारखे आहे. लॅटिनमध्ये ‘ऑनोर’ हा शब्द पुल्लिंगी. मराठीतही तो मान, तो सन्मान, तो गौरव. हे सगळे पुरुषी शब्द सभेत, हारतुऱ्यांत, पागोट्यावर शोभतात. पण ती अब्रू, ती इज्जत, ती लाज! हे शब्द स्त्रीलिंगी, आणि ते राखायचे कुणी, तर घरातल्या लेकीसुनेने. मिळवायचा तो मान, आणि गमावण्याची भीती जिची, ती अब्रू. आणखी एक गंमत म्हणजे मराठीत ‘तो मान’ जसा आहे तशी ‘ती मान’ही आहे. लग्नात तो मान वरमायबापांचा असतो आणि खाली घालायची ती मान नवरीची. व्याकरणात इतका स्वच्छ न्याय क्वचितच आढळतो.

रोममध्ये ऑनोर या शब्दाला आणखी एक अर्थ होता : सरकारी पद, अधिकाराची जागा. माणूस एकेक पद चढत जाई, त्या चढणीलाच ‘मानांची वाट’ म्हणत. त्या वाटेवर बाईला प्रवेश नव्हता. म्हणजे नाव ऑनोरिया ठेवायचे आणि ऑनोर मात्र तिच्यासाठी बंद! याच शब्दापासून ‘ऑनरेरियम’ निघाला, आणि आपण त्याचे भाषांतर केले ‘मानधन’. वक्त्याला, कवीला, परीक्षकाला द्यायचे ते मानधन. मोबदला म्हटले तर कमीपणा वाटेल, म्हणून हा सभ्य शब्द. पण हाच शब्द आपल्या अंगणवाडी सेविकांच्या वाट्याला आला तेव्हा त्याची सभ्यता संपली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून या बाया गावोगाव पोरांची वजने घेतात, खाऊ शिजवतात, लसीकरणाला आयांना गोळा करतात, नोंदवह्या भरतात. चिनहट हा लखनौ जिल्ह्यातला एक विकासखंड; तिथल्या सेविकेला मिळते त्याला हिंदीत ‘मानदेय’ म्हणतात. इकडे सांगली-नांदेडच्या सेविकेला ‘मानधन’. शब्द वेगळा, गोम तीच : वेतन म्हटले की नोकरी आली, नोकरी आली की निवृत्तिवेतन आणि हक्क आले. मान म्हटला की काही लागू होत नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका बेमुदत संपावर गेल्या, तेव्हाही ‘मान नको, वेतन द्या’ हाच त्यांच्या मागणीचा गाभा होता. लॅटिन शब्द इतक्या लांबून आला आणि चुलीपाशी येऊन असा बसला.

ऑनोरियाचे नाव पुढे कसे पसरले, तेही थोडक्यात सांगायला हवे. नॉर्मन लोकांबरोबर ऑनोरा हे रूप आयर्लंडात गेले. तिथल्या लोकांनी त्याचे नोरा केले, लाडाने नोरीन. आपल्याकडे आज कुणी नोरा भेटली तर तिच्या नावात हा मान दडलेला असू शकतो. (काही नोरा एलिओनोरा या निराळ्याच नावावरूनही येतात, इब्सेनच्या नाटकातली घर सोडून जाणारी नोरा त्यांतलीच. आणि लखनौच्या ‘नूर’शी तर तिचा काहीच संबंध नाही.)

गोव्यात आणि वसईच्या पट्ट्यात लॅटिन नावे तर घरचीच आहेत. तिथली क्लारा म्हणजे आपली उज्ज्वला, लुसी म्हणजे प्रभा किंवा ज्योती, व्हिक्टोरिया म्हणजे विजया, नातालिना म्हणजे नाताळात जन्मलेली. अर्थ उलगडला की परके नाव एकदम शेजारीण होते. आणि नाशिकला १८६६ साली जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी? तिच्या आईला दत्तक घेऊन वाढवणाऱ्या लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांच्या नावावरून तिचे नाव ठेवले गेले. म्हणजे ‘कॉर्नेलियसची मुलगी’ अशा अर्थाचे हे नाव तिला कुठल्या पुरुषाकडून नव्हे, तर आजीकडून मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ती ऑक्सफर्डला गेली, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पण बायकांना पदवी देत नसल्यामुळे ती पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडावे लागले. वकिलीची सनद मिळाली तीही अलाहाबाद उच्च न्यायालयाकडून, १९२१ मध्ये. मान मिळायला तीस वर्षे लागली. तोवर काम मात्र ती करीतच होती, पडद्यातल्या विधवा आणि जमीनदारिणींची बाजू मांडत हिंडत होती.

मुलीचे नाव हा आपल्याकडे तसा हौसेचा विषय. बारसे ठरले, की पुस्तके चाळली जातात, ज्योतिषी ‘नावरस अक्षर’ काढून देतात आणि त्या अक्षरात बसेल असे काहीतरी शोधताना आईला आवडलेले नाव बाजूला पडते. ग्रहांना नावाचे पहिले अक्षर कशाला लागते, हे कोडेच आहे. पण त्याच महाराष्ट्रात कित्येक मुलींना ‘नकोशी’ असे नाव दिले जात होते. मुलगा हवा होता आणि ही आली, म्हणून नकोशी. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. कुणी देवीचे नाव घेतले, कुणी सिनेमातल्या नटीचे. शाळेच्या हजेरीत रोज ‘नकोशी’ म्हणून हाक ऐकणे आणि ‘ओ’ देणे म्हणजे काय, याची कल्पना ज्योतिष्याच्या पुस्तकाने कधी यायची नाही. तांदळात लिहिलेले नाव आणि हे नाव यांत एक मोठा फरक होता : हे त्या मुलींनी स्वतः निवडले होते.

११ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने आणखी एक निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशी नोंद करायची. घरोघरी यावर चर्चा झाली. काही सासवांनी नाके मुरडली, काही आज्यांनी मनात हिशेब केला, की आपले नाव कुठल्या कागदावर आहे बरे? रेशनकार्डावर. आणि तेही कुणाची तरी पत्नी म्हणून.

ऑनोरिया लॉरेन्सला १८५० मध्ये एक मुलगी झाली. तिचे नाव ठेवले ऑनोरिया लेटिशिया : आईचे नाव आणि गेलेल्या बहिणीचे नाव. मान आणि आनंद. आई गेली तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती. चिनहटच्या लढाईनंतर वडील गेले तेव्हाही ती लहानच होती. पुढे तिचे लग्न झाले आणि लॉरेन्स हे आडनाव गेले. नाव मात्र कुणी बदलले नाही. घरात तिला हाक मारायची, म्हणजे तिच्या आईचेच नाव घ्यावे लागे.